पुढच्या वर्षासाठी नेतृत्वविकासाची उद्दिष्टं कशी लिहायची?

वळणवाट
नऊ जणांच्या टीमच्या लीडला पुढच्या वर्षाचा विकास आराखडा भरून द्यायचा आहे. फॉर्ममध्ये पाच रकाने आहेत. सध्याचा मसुदा: 'संवादकौशल्य सुधारणे', 'डेलिगेशन (कामं आणि निर्णय टीमवर सोपवणं) वाढवणे', 'धोरणात्मक विचार करणे', 'टीमला प्रेरणा देणे', 'लीडरशिपचा कोर्स करणे'. वाचायला बरं वाटतं, पण यातलं काय झालं आणि काय नाही, हे वर्षाअखेरीस कशावरून ठरवायचं? 'स्मार्ट' (SMART: उद्दिष्ट नेमकं, मोजता येणारं, साध्य होणारं, सुसंगत आणि मुदतीचं असावं) पद्धतीनं लिहा, अशी सूचना आहे. मग प्रेरणा मोजायची कशी?

नोंदवही
पाचांतली चार आधी बाजूला ठेवा. अंगवळणी पडलेली सवय वर्षभरात बदलते ती एक, फार तर दोन. कोणती बदलली तर टीमचं अडलेलं काम सगळ्यात जास्त मोकळं होईल, ती निवडा. तुमच्या यादीत ती बहुधा डेलिगेशन.

आकडा ठरवण्याआधी आजची स्थिती मोजा. दोन आठवडे साधा तक्ता ठेवा: कोणता निर्णय विचारायला आला, कोणी आणला, तुमच्याशिवाय झाला असता का. शेवटच्या रकान्यात आठवड्याला सरासरी किती 'हो' पडतात, तिथून सुरुवात. समजा १८ आले. मग या निर्णयांचे तीन गट पाडा: स्वतः ठरवा, ठरवा आणि कळवा, आधी विचारा. प्रत्येक प्रकारासमोर मर्यादा लिहा. किती रकमेपर्यंत, मुदत किती दिवस पुढे गेली तरी चालेल, ग्राहकाला काय कबूल करता येईल. हा कागद टीमसमोर बसून ठरवा. नुसतं 'तुम्ही बघून घ्या' म्हटलं की कुठपर्यंत बघायचं ते कळत नाही, माणूस परत विचारायला येतो, आणि लोक जबाबदारी घेत नाहीत असा शिक्का बसतो. दोष खरं तर न लिहिलेल्या मर्यादेचा असतो.

यात एक धोका आहे. १८ चे ६ करायचेच म्हटलं, तर लोक अडचणी सांगणंही बंद करू शकतात. कागदावर आकडा सुरेख दिसतो आणि आत काम सडत असतं. म्हणून जोडीला दुसरा आकडा ठेवा: टीमनं घेतलेले किती निर्णय नंतर फिरवावे लागले. महिन्याला एखाद-दुसरा फिरला तर घाबरू नका. तिमाहीत एकही फिरला नाही, तर सोपवलेल्या गोष्टी फारच किरकोळ आहेत का ते तपासा.

सरळरेघ
वरच्याशी सहमत. 'स्मार्ट'बद्दल थोडं. व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली हे मांडलं तेव्हा त्यातला 'ए' 'असाइनेबल'चा होता, म्हणजे काम कोण करणार ते ठरलेलं असावं. 'अचीव्हेबल' नंतर रूढ झालं. सगळ्या पातळ्यांवरची सगळी उद्दिष्टं आकड्यांतच मांडा, असा त्यांचाही आग्रह नव्हता. प्रगतीची एखादी खूण दिसली तरी पुरे. त्यामुळे प्रेरणा मोजायच्या फंदात पडू नका. त्यासाठी तुम्ही काय करणार, ते लिहा: 'प्रत्येकाशी दर पंधरवड्याला अर्धा तास वन-ऑन-वन (दोघांचीच बैठक), पहिली दहा मिनिटं त्यांच्या विषयांना, कामाचा आढावा नंतर.' झालं की नाही, हे कॅलेंडर उघडलं की दिसतं.

'धोरणात्मक विचार' तुमच्यासाठी नवा असेल, तर तिथे निकालाचा आकडा लावूच नका. कौशल्य नवं आणि काम गुंतागुंतीचं असताना असा आकडा समोर ठेवला की माणूस शिकायचं सोडून आकड्यामागे धावतो. त्याऐवजी शिकण्याचं उद्दिष्ट घ्या: मार्चअखेर दुसऱ्या विभागाच्या दोन आढावा बैठकांना बसायचं आणि आपल्या उशिरामुळे त्यांचं काय अडतं, ते एका पानात लिहून वरिष्ठांना दाखवायचं.

कोर्स हे उद्दिष्ट नव्हे. तो करून पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्या कामात काय वापरणार, ते लिहिता येत नसेल तर रकाना रिकामा सोडा.

पायरीपायरीनं
फीडबॅकचं राहिलं. 'मी लीड म्हणून कसा वाटतो?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. टीममधले तीन, बरोबरीचे दोन आणि वरिष्ठ अशा सहा जणांना दर तिमाहीला तेच दोन प्रश्न विचारा: 'गेल्या महिन्यात कोणता निर्णय मी तुमच्यावर सोपवायला हवा होता?' आणि 'पुढच्या महिन्यात मी कोणती एक गोष्ट वेगळी करावी?' उत्तर ऐकताना खुलासा करू नका, फक्त लिहून घ्या. एकदा स्वतःची बाजू मांडलीत, की पुढच्या तिमाहीत खरं उत्तर मिळणं कठीण. तीन जणांचा निनावी फॉर्म निनावी राहत नाही, भाषेवरून माणूस ओळखू येतो. त्यापेक्षा समोरासमोर विचारा. ही उत्तरं पगारवाढीच्या कागदाला जोडू नका, नाहीतर सगळे हात राखून बोलतील.

दुसरं म्हणजे सवय प्रसंगाला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' रीत इथे कामाची आहे: 'कोणी निर्णय विचारायला आलं, तर आधी विचारेन, तुम्हाला काय करावंसं वाटतं?'

वळणवाट
खूप मदत झाली. नवा मसुदा: 'जूनअखेरपर्यंत, टीमला स्वतः घेता येतील असे माझ्याकडे येणारे निर्णय आठवड्याला १८ वरून ८ वर आणण्याचा प्रयत्न करणे. फिरवावे लागलेले निर्णय दर महिन्याला नोंदवणे.' रकाने पाचच हवेत असा आग्रह धरला तर?

नोंदवही
उरलेल्या रकान्यांत याच उद्दिष्टाचे टप्पे लिहा: मर्यादांचा कागद, वन-ऑन-वन, तिमाही प्रश्न, दुसऱ्या विभागाच्या बैठका. आणि १८ हा माझा उदाहरणाचा आकडा आहे. तुमच्या दोन आठवड्यांच्या तक्त्यातून जो येईल तोच लिहा. 'आणण्याचा प्रयत्न करणे' खोडून 'आणणे' करा.