मांजराला शुगर निघाली, इन्सुलिन कुठं ठेवू अन् खायला काय देऊ? (बजेट महिना 1500)

दर्यापूरची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या बोक्याला, बंड्याला, शुगर निघाली. वय 9 वर्षं. आधी साडेपाच किलोचा गड्डा होता, आता 4 वर आला. दोन महिन्यांपासून गुरांच्या टाक्यावर बसून पाणी प्यायचा, खायचा पण दाबून अन् तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी म्हटलं जंत असतील. मग तो राखेच्या ढिगात मुततो तिथं मुंग्यांची रांग दिसली सासूबाईंना. त्यांना स्वतःला 12 वर्षांपासून शुगर, त्या लगेच म्हणाल्या, "याले माह्यावालाच रोग लागला." अकोल्याला एसटीनं नेला पिशवीत घालून, रक्त-लघवी दोन्हीत शुगर निघाली. डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिलं, 1 युनिट सकाळी 1 संध्याकाळी, दहा दिवसांनी परत बोलावलंय.

आता अडचण अशी की फ्रीज आहे पण लाईट गेली की सहा-सात तास येत नाही आणि आता तर उन्हाळा. सासूबाईंचं इन्सुलिन मडक्यात असते, त्यातच ठेवू का? सुया पण त्यांच्याच वापरल्या तर चालतील ना? आणि घर माळकरी, अंडंसुद्धा नाही, बंड्या दूध-पोळीवर वाढला. सगळं मिळून महिन्याला 1500 च्या वर जमणार नाही, कापसाचं यंदा काय झालं तुम्हाला माहीतच आहे.

नागपुरी_पर्शियन
ताई आमच्या सुलतानला पण झाली होती. मी सरळ मागवलं प्रिस्क्रिप्शन फूड, दोन किलोची पिशवी, स्वस्त नाही पण जीव महत्त्वाचा. सोबत मांजरांचाच स्पेशल ग्लुकोमीटर बाहेरून आणला, भाऊ येणार होता तिकडून. एसी रूममध्येच राहतो तो. तुम्ही पण एकदाचा खर्च करून टाका.

कापूसवाला
1500 लिहिलं आहे त्यांनी. वाचलं का जी?

कडूकारलं
जांभळाच्या बियांची पावडर द्या चिमूटभर, सोबत कारल्याचा रस. माझ्या काकांची 300 वरून 140 वर आली.

बोका_गेला
कारल्याचा रस मांजराला पाजून दाखवा आधी. हात शिल्लक राहिला तर कळवा.

मेडिकलवाला_मूर्तिजापूर
ताई, खायचं नंतर पाहू, सुयांचं आधी वाचा. सासूबाईंची सुई लाल टोपीची असेल, ती 40 वाल्या इन्सुलिनची. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात त्या हिशोबानं तिच्यावर रेघा. ग्लार्जिन 100 वालं, त्याला नारंगी टोपीची सुई लागते. लाल टोपीच्या सुईनं ग्लार्जिन 1 रेघ भरलं तर बोक्याच्या अंगात 1 नाही, अडीच युनिट जाते. माणूस एखादवेळ तरून जाईल, 4 किलोच्या मांजराच्या जिवावर बेतू शकते. माझ्या दुकानात रोज कोणीतरी म्हणते "सुई सुईच असते, कोणतीही द्या". मी देत नाही. दुसरं म्हणजे 10 एमएलची बाटली घेऊ नका, 1000 युनिट येतात, तुम्हाला महिन्याला लागणार 60. उघडल्यावर 28 दिवसच वापरायचं, बाकी फेकावं लागते. 3 एमएलचं कार्ट्रिज पेनात घालून वापरा, 300 युनिट, तेही उरेलच पण नुकसान कमी.

नागपुरी_पर्शियन
पेनानं अर्धा युनिट नाही देता येत साध्या पेनात. मी सिरिंजच वापरायचो.

मेडिकलवाला_मूर्तिजापूर
त्यांना 1 च द्यायचं आहे भाऊ. अर्ध्याचं पेन वेगळं मिळते, पाहिजे तर सांगा.

अकोल्याचा_पोट्टा
मी व्हेटरनरीला आहे, शेवटचं वर्ष, अजून डॉक्टर नाही म्हणून जे सांगतो ते तुमच्या डॉक्टरला विचारूनच करा. सासूबाईंचं इन्सुलिन दुधाळ दिसते का? म्हणजे 30/70 वालं मिक्स इन्सुलिन असेल, मांजरात त्याचा असर 12 तास टिकत नाही. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असते. कधी ढगाळ दिसलं तर फेकून द्या, गरमीनं खराब झालं समजा. पाणी मिसळून पातळ करू नका अन् फ्रीजरमध्ये तर अजिबातच ठेवू नका, गोठलं की मेलं. न उघडलेलं 2 ते 8 डिग्रीत, उघडलेलं 30 च्या आत. एप्रिल-मेत आपल्याकडे 30 च्या आत काय राहते सांगा.

एक विचारतो, मागच्या वर्षी बंड्याला खाजेसाठी वगैरे महिन्या-महिन्याला इंजेक्शन दिलं होतं का?

दर्यापूरची_सून
हो!! तुला कसं कळलं? अंग खाजवून खाजवून केस गेले होते, चार वेळा दिलं. इंजेक्शन दिलं की आठ दिवसांत बरा व्हायचा.

अकोल्याचा_पोट्टा
नक्की नाही सांगता येत पण ते स्टिरॉइड असू शकते, त्यानं मांजरात शुगर वाढते. डॉक्टरला नक्की सांगा, लपवू नका. आणि यात एक बरं पण आहे, मांजराची शुगर पुष्कळदा माणसाच्या टाइप 2 सारखी असते, लवकर इन्सुलिन चालू झालं अन् खाण्यातली पोळी-भात कमी झाली तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटते पण.

निवृत्त_गुरुजी
खारपाणपट्ट्यातील पाणी मुळात क्षारयुक्त असल्याने जनावरांना तहान अधिक लागते, हे आम्ही बालपणापासून पाहत आलो. मांजराची किडनी तपासली का? जास्त पाणी पिणे म्हणजे केवळ मधुमेह नव्हे. मडक्याविषयी : बाष्पीभवनाने आतले तापमान घटते, कोरड्या उन्हाळ्यात उत्तम घटते. मडक्याखालची वाळू ओली ठेवावी, मडके सावलीत वाऱ्याला ठेवावे, औषध पाण्यात बुडू न देता डबीत ठेवावे. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा मडक्याचा उपयोग नाममात्र. बाकी कोणी मांजराला मांसच हवे म्हणेल, तर तो आग्रह अनाठायी वाटतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मांजरे दूध-पोळीवर जगली.

कापूसवाला
मंग गुरुजी, कोठीतले उंदीर कोण खात होतं?

सध्या_पुण्यात
बॅटरीवर चालणारा छोटा इन्सुलिन फ्रीज मिळतो ना, मी आईला घेऊन दिला. किंमत जास्त आहे पण टेन्शन नाही. बाय द वे माझी बहीण अमेरिकेत आहे, तिकडे मांजरांना गोळीच देतात आता, बेक्साग्लिफ्लोझिन, 2022 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली. सुई कशाला टोचायची बिचाऱ्याला. माणसांच्या तशा गोळ्या इथं पण मिळतात.

अकोल्याचा_पोट्टा
दादा नका सांगू असं. ती गोळी आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला चालत नाही, रक्तात आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. आणि मेटफॉर्मिन, माणसांची शुगरची गोळी, पण कोणी सुचवायच्या आत सांगतो, मांजरात त्याचा काही फायदा नाही.

सध्या_पुण्यात
मी फक्त माहिती दिली. आणि शाकाहारी घरात मांजर पाळायचीच कशाला?

दर्यापूरची_सून
दादा, मी लग्न होऊन आले तेव्हा बंड्याची आजी आधीच इथं होती. तिनं मला पाळलं म्हणा.

बोका_गेला
माझं ऐका कोणीतरी. आमच्या काळूला इन्सुलिन चालू होतं. कापूस विकायला जायचा दिवस, गाडी दारात उभी, घाईत सकाळचं इंजेक्शन दिलं आणि पाहिलंच नाही की त्यानं वाटीला तोंड लावलं नाही. दुपारी घरून फोन, बाजेखाली पडून झटके देऊन रायला, लाळ गळून रायली. बायकोनं साखरेचं पाणी बोटानं हिरडीला चोळलं, घशात ओतलं नाही हे नशीब, झटक्यात ओतलं तर फुफ्फुसात जाते म्हणून डॉक्टरनं नंतर सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी उठून बसला अन् रागानं पाहून रायला माझ्याकडे, म्हणजे मी घरी आलो तेव्हा पण तो रागच. तेव्हापासून नियम, आधी वाटी, मग सुई. नाही खाल्लं किंवा ओकला तर सुई तशीच राहू द्या, डॉक्टरला फोन करा. दोन दिवस खाणं बंद अन् सुस्त पडला तर फोन पण नको, उचलून न्या.

कुत्रामालक
काळू गेला कसा मग?

बोका_गेला
पुढं दोन वर्षं जगला. नंतर कुत्र्यानं धरला. तुमच्यासारख्याच कोणाच्या.

कुत्रामालक
मोकळी कुत्री वेगळी, पाळलेली वेगळी. सरसकट बोलू नका.

(मधले नऊ मेसेज कुत्र्यांवर झाले, जाऊ द्या.)

नागपुरी_पर्शियन
ताई ग्लुकोमीटर घ्याच. कानाच्या कडेला शीर असते, कोमट फडकं लावायचं एक मिनिट, मग टोचायचं, थेंब येतो. दवाखान्यात घाबरून मांजराची शुगर उगाच वाढते, घरचा आकडाच खरा.

अकोल्याचा_पोट्टा
हे बरोबर आहे. माणसाचं मशीन मांजरात थोडं कमी दाखवते पण रोज तेच मशीन वापरलं तर अंदाज येतो. सासूबाईंचं मशीन असेलच, फक्त पट्ट्यांचा खर्च. नाहीच जमलं तर डॉक्टरला फ्रुक्टोसामीन टेस्ट विचारा, मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते, घाबरल्यानं ती बदलत नाही. आणि खाणं एकदम बदलू नका. पोळी बंद केली अन् इन्सुलिन तेवढंच ठेवलं तर शुगर खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरला सांगा, मग हळूहळू. नुसतं उकडलेलं चिकन कायमचं देऊ नका, त्यात मांजराला लागणारं सगळं नसते, अर्धं तयार ओलं पाकीट मिसळा. कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं बरं.

मेडिकलवाला_मूर्तिजापूर
परत सांगतो, घरात दोन रंगाच्या टोप्या एका डब्यात ठेवू नका. म्हातारं माणूस अन् मांजर एका घरात म्हणजे एक दिवस चूक होणारच.

कडूकारलं
जांभूळ मात्र करून पाहा.

दर्यापूरची_सून
सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला, तुरीच्या गंजीत होते. ठरलं ते सांगते, रागावू नका.

इन्सुलिन घरच्या फ्रीजमध्ये नाही अन् मडक्यात पण नाही. गावातल्या दूध केंद्रावर फ्रीज आहे, त्यांना जनरेटर आहे, लाईट गेली तरी कूलर चालू ठेवावा लागतो त्यांना. मी म्हशीचं दूध घालायला सकाळी सहाला अन् संध्याकाळी सहाला जातेच, 12 तास आपोआप पाळले जातात. नारंगी टोपीच्या सुया पण तिथंच एका डब्यात, घरी आणायच्याच नाहीत. बंड्या गोठ्यातून मागं मागं येतोच, केटली घेऊन निघाले की. त्याची वाटी तिथं बाहेरच्या ओट्यावर ठेवते, अर्धं पाकीट आणि सालदाराच्या घरून शिजवून आणलेलं चिकन. डॉक्टरांना फोन करून आठवड्यानं पोळी कमी करतो आहोत. खाणं झालं की सुई. पण मी नाही देत. माझा हात कापतो. सासूबाई देतात. चिकनच्या वाटीकडे पाठ करून उभ्या राहतात, तो खाऊन झाला का मला विचारतात, मग वळतात, मानेची कातडी चिमटीत धरली की बंड्याला कळतही नाही. 12 वर्षांचा हात आहे. रेघ मात्र दूध केंद्रावरचा पोरगा पाहतो, चष्मा त्याचा बरा आहे.

कान टोचणं सध्या नाही. एकदा करून पाहिलं, बंड्या दोन दिवस कोठीवरून उतरला नाही. ती टेस्ट डॉक्टरांना विचारीन.

अकोल्याचा_पोट्टा
ताई मशीन घ्यायलाच पाहिजे होतं हो. निदान अशक्त वाटला, लडखडला तर तरी एकदा पाहा. साखरेची पुडी केंद्रावर पण ठेवा अन् घरी पण. आणि मागच्या पायांचे पंजे पूर्ण टेकवून चालतो का ते पाहा, शुगरनं नसा कमजोर झाल्या की तसं होते.

दर्यापूरची_सून
टेकवतो रे, सशासारखा. मला वाटलं म्हातारपण. पुडी ठेवली.

नागपुरी_पर्शियन
फूडचं काय ठरलं मग, कोणत्या कंपनीचं? बजेट किती आहे तुमचं?

कापूसवाला
ताई ते सगळं ठीक, पण तुमच्या केंद्रावर म्हशीच्या फॅटले काय भाव देऊन रायले?