फॅमिली डॉक्टर निवृत्त होताहेत: लालबाग-परळमध्ये पर्याय हवा आहे, आणि पुढच्या सोयीबद्दल एक प्रश्न

गिरणगावकर_७८

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अडचणी दोन आहेत आणि एकमेकींत अडकल्या आहेत.

आमचे फॅमिली डॉक्टर दिवाळीनंतर दवाखाना बंद करताहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मुलगी परदेशात, आणि दवाखाना ज्या चाळीच्या तळमजल्यावर आहे ती आमचीच चाळ आता पुनर्विकासात चाललीय. गिरण्या चालू होत्या तेव्हा ते ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) पॅनल डॉक्टर होते, बाबांचं कार्ड त्यांच्याकडेच होतं. गिरणी गेली, कार्ड गेलं, डॉक्टर राहिले. बाबा आता ७९ वर्षांचे. बीपी, शुगर, शिवाय स्टेंट. आई ७३, गुडघे आणि थायरॉइड. मी ऐरोलीला नोकरी करतो, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात.

परळला राहून डॉक्टर मिळत नाही म्हणतोय, हसू येईल कुणाला. केईएम, टाटा, वाडिया, सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. पण हार्टवाला हार्ट बघतो, शुगरवाला शुगर. रात्री बाबांना ताप भरला, चक्कर आली, तर "हे सकाळपर्यंत थांबेल" की "आत्ता उचला" एवढं सांगणारं माणूस पाहिजे. आजवर डॉक्टर फोनवर बाबांचा आवाज ऐकून ते सांगत. आसपास दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. एका चकचकीत पॉलिक्लिनिकात रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, घरी येणं आमच्या पॅकेजमध्ये नाही.

तर, घरी येणारा डॉक्टर कसा शोधायचा? जुने कागद त्यांच्याकडून कसे घ्यायचे? आणि तिसरं, कदाचित या धाग्यात बसत नसेल, पण विचारतो: चाळीच्या जागी टॉवर होणार, माणसं कितीतरी वाढणार. एवढ्या लोकांसाठी दवाखाना कुठे असावा हे कोणी ठरवतं का? ठरवत असेल तर आमच्यासारख्यांनी कुठे बोलायचं?

काळाचौकीची_मावशी

मेडिकलवाल्याला विचारा. कोणाची चिठ्ठी जास्त येते, कोण उगाच अँटिबायोटिक लिहीत नाही, कोण रात्री फोन उचलतो, सगळं त्याला ठाऊक असतं. गूगलवरच्या स्टार्सच्या नादी लागू नका.

रोखठोक

हल्ली अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून डॉक्टर बघतात की. सरकारचं ई-संजीवनी तर फुकट आहे. एवढा मोठा धागा कशाला?

गिरणगावकर_७८

@रोखठोक, बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने हवं तेवढंच येतं. व्हिडिओवर ते डॉक्टरला "मी मजेत" सांगतात आणि फोन माझ्याकडे देतात.

घाटकोपरचा_गणू

महिन्याच्या बीपी-शुगरसाठी महापालिकेचा 'आपला दवाखाना' बघा. २०२२ च्या अखेरीस सुरू झाले. तपासणी आणि औषधं मोफत, १४७ प्रकारच्या चाचण्याही मोफत. काही केंद्रं रात्री १० पर्यंत उघडी असतात, नोकरीवरून येणाऱ्याला ते बरं पडतं. मात्र घरी येऊन बघणं हे त्यांचं काम नव्हे, त्यामुळे तुमचा अर्धाच प्रश्न सुटेल.

आणि सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर दोघांचंही काढून टाका, ५ लाखांचं संरक्षण आहे. फक्त ते अ‍ॅडमिट झाल्यावरच चालतं. तापाखोकल्याची फी त्यातून निघत नाही. आपल्याकडे सगळ्या योजनांचं हेच: माणूस खाटेवर पडला की सरकार येतं, पडू नये म्हणून जो रोज बघतो त्याची फी आपल्याच खिशातून.

डॉ_निवांत

मी मुलुंडला जनरल प्रॅक्टिस करतो, ३० वर्षं होतील. कागदांचं आधी सांगतो. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. पण ती तरतूद प्रामुख्याने अ‍ॅडमिट रुग्णांच्या रेकॉर्डची आहे, तीही ३ वर्षांपुरती. ओपीडीतले आम्ही जुने लोक कार्डावर दोन ओळी खरडतो आणि बाकी डोक्यात ठेवतो. म्हणून कागद मागू नका, पत्र मागा. एकच पान: आजार कधीपासून, कुठलं औषध सोसलं नाही, स्टेंट कधी आणि कुठे, रक्त पातळ करणारी गोळी कुठली, आधी काय देऊन बंद केलं आणि का. शेवटचा मुद्दा कुठल्याच फाइलीत नसतो. दिवाळीच्या आत बसून लिहून घ्या. तुम्ही विचारलंत तर त्यांनाही बरं वाटेल.

शक्य असेल तर नव्या डॉक्टरकडे आईबाबांना आत्ताच, बरे असताना, एकदा नेऊन आणा. आधीच ओळख असलेल्या पेशंटकडे आम्ही रात्री जातो. अनोळखी घरी रात्री जायला हल्ली डॉक्टर कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

एक गोष्ट कोणी बोलत नाही, मी बोलतो. वय झालेलं माणूस घरीच गेलं तर मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, फॉर्म ४अ. शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरने तो द्यायचा आणि कायद्याने त्याचे पैसे घेता येत नाहीत. पण ज्याने पेशंटला कधी पाहिलंच नाही तो सही कशी करेल? मग ऐन दुःखात हॉस्पिटल, पोलीस, पोस्टमॉर्टेमपर्यंत फरफट होऊ शकते. फॅमिली डॉक्टर हवा तो यासाठीही.

नवे का येत नाहीत, तर तुमच्या भागात गाळ्याचं भाडं काढून बघा. तपासणीच्या फीमध्ये ते बसत नाही. आमची पिढी पागडीच्या जागांवर तगली. फॅमिली मेडिसिन हा एमबीबीएसनंतरचा, ३ वर्षांचा डीएनबीचा रीतसर अभ्यासक्रम आहे, पण तो करून चाळीच्या तळमजल्यावर बसायला कोण येणार? शोधताना डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपासा, एवढंच.

काळाचौकीची_मावशी

डॉक्टर, दाखल्याचं अगदी खरं. आमच्या मजल्यावर झालंय हे. माणूस सकाळी गेलं आणि घरातले संध्याकाळपर्यंत सही शोधत फिरत होते.

नकाशेवाचक

तिसऱ्या प्रश्नावर. हो, ठरवतात. कागदावर तरी.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष ५० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. जागा ठरते मुंबईच्या विकास आराखडा (डीपी) २०३४ मध्ये. त्यात दवाखाना, हेल्थ पोस्ट, प्रसूतिगृह अशी आरक्षणं भूखंडावर रंगवलेली असतात. तुमच्या चाळीचा सी.एस. नंबर, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक (शहर भागात सी.एस., उपनगरात सी.टी.एस.) घालून महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात त्या प्लॉटवर काय दाखवलंय त्याचा कागद काढा, म्हणजे तुमच्या किंवा शेजारच्या प्लॉटवर आरोग्याचं आरक्षण आहे का ते कळेल. असेल तर 'अकोमोडेशन रिझर्व्हेशन'खाली विकासक तेवढी जागा बांधून महापालिकेला देतो आणि उरलेल्या प्लॉटवर आपली इमारत उभी करतो. लक्ष इथेच ठेवायचं. जागा ताब्यात आली म्हणजे दवाखाना सुरू झाला असं नाही; डॉक्टर, नर्स, औषधं ही निराळी फाइल असते.

आरक्षण बदलायचं झालं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना महिना मिळतो. ती नोटीस कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

आरक्षण नसेल तर एफ साउथ वॉर्डात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांत होतो. वॉर्डात आरोग्यासाठी आरक्षित भूखंड किती, त्यातले ताब्यात किती, चालू दवाखाने किती. उत्तर घेऊन वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, नगरसेवकालाही द्या. एकट्याने जाऊ नका, चाळ कमिटीच्या लेटरहेडवर जा.

आणि एक खाजगी वाट. डॉक्टरांचा गाळा भाडेकरूचा असेल तर पुनर्विकासात त्यांना बदली जागा मिळायला हवी. ती विकायची झाली तर आधी एखाद्या डॉक्टरला विचारावं, अशी विनंती आत्ताच करून ठेवा. करारनाम्यावर सह्या झाल्यावर सगळे आपापल्या फ्लॅटच्या कार्पेट एरियात गुंततात.

गिरणगावकर_७८

सगळ्यांचे आभार. पत्राची कल्पना डॉक्टरांना सांगितली, रविवारी बोलावलंय, म्हणाले पेन तू आण. मेडिकलवाल्याने दोन नावं दिली आहेत, त्यातल्या एक बाई चिंचपोकळीला बसतात आणि जवळच्या पेशंटांच्या घरी येतात. बाबांना "बाई डॉक्टर" म्हटल्यावर जरा कुरकुर आहे, ती आई बघून घेईल. या भागात घरी येणारे आणखी कोणी माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा, नावं इथे नकोत.

@नकाशेवाचक, सी.एस. नंबर कुठे मिळेल? भाडेपावतीवर नाही, आणि मालकाला विचारलं तर तो दहा प्रश्न विचारेल.

नकाशेवाचक

मालकाकडे जायची गरजच नाही. पुनर्विकासाचा प्रस्ताव किंवा विकासकाचं पत्र कमिटीकडे आलं असेल ना? त्यात विषयाच्या ओळीतच लिहिलेला असतो.