मदत हवी आहे: बोंडअळीचे पतंग मोजणारा सापळा – मायक्रोपायथन, सी++ की रस्ट?

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यात सेलूजवळ आमची कोरडवाहू पराटी (कपाशी) आहे. गुलाबी बोंडअळी बाहेरून कळत नाही, डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसली तेव्हा अळी आत बसलेलीच असते. म्हणून कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या सापळ्यातले, पतंग मोजायचे. सलग ३ रात्री सापळ्यामागे दर रात्री ८ पतंग आले की फवारणीचं बघायचं. पण ऐन सोयाबीन काढणीत रोज सकाळी सापळे बघायला माणूस कुठून आणायचा?

त्यासाठी डेल्टा (तिकोनी) सापळ्यातल्या चिकट कार्डासमोर ईएसपी३२-कॅम, म्हणजे कॅमेरा असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड, बसवतोय. उजाडल्यावर एक फोटो काढायचा, पतंग बोर्डावरच मोजायचे, कालचा आकडा वजा करून उरलेला एसएमएसने पाठवायचा. शेतात रेंज जेमतेम, अख्खा फोटो जात नाही.

अडलंय भाषेपाशी. पायथन मला चांगलं येतं, फोटोत पतंग ओळखणारं मॉडेलही लॅपटॉपवर त्यातच शिकवलंय. पण बोर्डाची आतली मेमरी ५२० केबी, वर ४ एमबी पीएसरॅम (जोडीची बाहेरची मेमरी). मायक्रोपायथनच्या (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनच्या) मूळ फर्मवेअरमध्ये कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नाही, वेगळं बिल्ड घ्यावं लागतं. सी++ परीक्षेपुरतं केलेलं. मित्र म्हणतो रस्ट शीक, मेमरीच्या चुका कंपायलरच पकडतो. हंगाम तोंडावर आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

भाऊ, सी++ घ्या. वेगासाठी नाही, दिवसाला एक फोटो मोजायला अर्धा मिनिट लागला तरी तुमचं काही अडत नाही. छोट्या बोर्डावर मॉडेल चालवणारी लायब्ररी, टेन्सरफ्लो लाइट मायक्रो, मुळातच सी++ मध्ये आहे आणि ईएसपी३२साठी ती चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफने ती तयार ठेवलीय. रस्टमधून गेलात तरी शेवटी तिलाच जोडणार, वर या बोर्डाच्या एक्सटेन्सा जातीच्या चिपसाठी वेगळा कंपायलर बसवा. शिकवण्याचं काम पायथनमध्येच राहू द्या.

मॉडेलमधले आकडे (वजनं) ८ बिटांवर आणा, ३२ बिटांच्या मानाने त्यांची जागा चौथाई होते. मग फाइल सीच्या ॲरेत बदलून फ्लॅशमध्ये टाका. रनटाइमला, म्हणजे मॉडेल चालवणाऱ्या भागाला, ‘टेन्सर अरीना’ म्हणून मेमरीचा एक तुकडा सुरुवातीलाच द्यायचा. तो त्यातच भागवतो, चालताना नवी मेमरी मागत नाही. तुकडा कमी पडला तर सुरुवातीलाच एरर येते. मित्राची धास्ती रास्त आहे, पण या कामात तिला फारसा वाव नाही.

खरी मेहनत फोटोवर घ्या. ६४० × ४८० चा ग्रेस्केल फोटो ३,०७,२०० बाइटचा, पीएसरॅममध्ये सहज बसतो. तो सबंध आकसून ९६ × ९६ करू नका, पतंगाचा ठिपका होईल. त्याचे ९६ × ९६ चे तीसेक चौकोन पाडा आणि एकेक मॉडेलला द्या. कडेवरचा पतंग दोनदा मोजला जाणार नाही एवढं बघा.

कार्डावर दुसरे किडे किती चिकटतात? ‘पतंग नाही’ या गटासाठीचे फोटोही त्याच कार्डांवरचे घ्या, नाहीतर माशीलाही मॉडेल पतंग म्हणेल.