कणकुंबीला जाताना पायात काय?

अंदाज ‘तुरळक सरी’ सांगतोय, मग चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या कणकुंबी गावाला जाताना बूट घालू की चप्पल, असं विचारलंय तुम्ही. अहो, तो अंदाज बेळगाव शहराचा! वाटेतलं जांबोटी ओलांडलं की घाटमाथ्याचा पाऊस. इथं शहरात छत्री मिटलेली असते तेव्हा कणकुंबीत धो धो कोसळत असतो.

जाळीचे स्पोर्ट्स शूज नकोत. गेल्या जूनमध्ये माझे भिजले. पेपरचे बोळे कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेवले, सकाळी पाय घातला तर मोजा परत ओला. मागं पट्टा असलेली रबरी सँडल घ्या, तळव्याच्या खाचा खोल बघून. साधी स्लिपर चिखलात रुतून बसते, वर पाठीवर शिंतोडे.

आणि अथणीचं कोल्हापुरी पायताण घरीच असू दे. (हो, कोल्हापुरीच्या २०१९च्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनात अथणीचा आपला बेळगाव जिल्हाही आहे बरं का.) बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं चामडं ते, पाणी प्यालं की फुगतं, टाके सैल होतात, करकर जाते ती वेगळीच.

रानात शिरणार असाल तर मात्र बूटच, जळवा असतात. पँट लांब मोज्यात खोचा, सुक्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.