एकट्याने गाडी काढली, मित्रांच्या गावांना गेलो: तुमचे अनुभव सांगा

जानेवारीत स्कूटरवरून अलिबाग ते मालवण एकटा गेलो. महामार्ग टाळून किनाऱ्याचा रस्ता धरला. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या. मुक्काम मित्रांकडेच: गुहागर, रत्नागिरी, देवगड.

रत्नागिरीचा मित्र रात्री जेवताना म्हणाला, "उद्या पहाटेच सूट. ऊन चढायच्या आत कशेळीचा हत्ती बघ." सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावर, पोचलो तेव्हा माणूस सोडा, गुरंही नव्हती. जांभ्यात कोरलेला तो हत्ती इतका मोठा, की उभ्या जागेवरून तो पुरा नजरेत मावतच नाही. रेघेच्या कडेकडेने चालत गेलो. आधी पाय सापडला, मग सोंड. हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. ऊन तिरपं होतं तोवर प्रत्येक रेघेत सावली होती. तासाभरात ती आटली आणि चित्र खडकात विरून गेलं. सोबत कोणी असतं तर फोटो काढून पंधरा मिनिटांत निघालो असतो.

तुम्हीही लिहा. कुठे गेलात, कोणाकडे उतरलात, वाटेत काय दिसलं. छोटं असलं तरी चालेल.

*

मी अमरावतीची. नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यांत पंधरा वर्षं गेली. धारणीची मैत्रीण दर दिवाळीला बोलवायची. शेवटी एका नोव्हेंबरात कार काढली. परतवाडा सोडलं, घटांगचा घाट चढला आणि सागाचं जंगल सुरू झालं. सेमाडोहला सिपना नदीपाशी थांबले. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, हे मला तिथल्या चहावाल्याने सांगितलं.

हरिसालच्या अलीकडे टायर बसलं. मोबाइलला रेंज नाही. स्टेपनी काढली, जॅक लावला, पण नट हलेनात. गावातल्या गॅरेजवाल्याने मशीनने आवळून ठेवले होते. अर्धा तास झटले. मग मोटरसायकलवरून दोन कोरकू पोरं आली. एकाने पान्यावर उभं राहून नट सैल केले, दुसऱ्याने चाक बसवलं. पैसे घेतले नाहीत. अंधार पडायच्या आत जंगल पार करा म्हणाले आणि हरिसालपर्यंत माझ्या मागे मागे आले.

मैत्रीण दारातच होती. "किती उशीर वो! मी त दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आली." रोडगे करून ठेवले होते, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रात्री दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. आता निघताना नट आधी स्वतः सोडवून पुन्हा आवळते. बायांनो, हे नक्की करा.

*

डेन्व्हरहून लास व्हेगसच्या मैत्रिणीकडे एकटी गेले होते. युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलाइना, सुमारे 110 मैल, ना गाव ना पेट्रोल पंप. टाकी भरूनच निघा. मधे सॅन राफेल स्वेलचे उभे कडे फोडून रस्ता काढलाय. गाडी थांबवून काच खाली केली. वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

*

माझा मेहकरचा मित्र करोनात गेला. आधी दर हिवाळ्यात मी संभाजीनगरहून बुलेटने त्याच्याकडे जायचो आणि दोघं मिळून लोणारला. आता एकटा जातो. आधी त्याच्या आईला भेटतो. ती विचारत नाही, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिठलं डब्यात भरून देते. दोन माणसांपुरतं.

लोणारला गर्दी नसलेली कड शोधून बसतो. उल्का आदळून झालेला तो खड्डा, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. खाली हिरवट पाणी, उतारावर झाडी, झाडीत मोर ओरडत असतात. आम्ही आवाजावरून ते मोजायचो. माझा आकडा त्याच्याशी कधी जुळला नाही. गेल्या वेळी मी अकरा मोजले. डबा दोघांचा होता, सगळा संपवला, आणि रिकामा परत द्यायला पुन्हा मेहकरला गेलो.