सल्ला हवा: ऑपरेशननंतर गायीला किती दुखतंय हे ओळखायचं कसं?

गव्हाणकर:
गायीचं पोट उघडून आतली तार काढली. टाके घातलेत, इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय असं वाटलं तर फोन करा." पण वाटायचं कसं? ओरडत नाही, मी जवळ गेलो की मान वर करते, हातातला घास घेते. घरचे म्हणतात बरी आहे. माझं मन मानत नाही. कुणी काही मोजमाप वापरतं का?

दावं_सोडा:
ओरडण्याची वाट बघूच नका. शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं. तुम्ही जवळ गेलात की ती सावध होते, तेव्हा दिसतं ते खरं नसतं. आडोशाला उभं राहून थोडा वेळ नुसतं बघा.

पशुवैद्य_काका:
वरच्यांशी सहमत. मोजमाप आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१४ साली नेलोर बैलांच्या खच्चीकरणानंतर वापरून तपासलेली, दुखण्याला गुण द्यायची पट्टी आहे. म्हणजे वशिंडवाल्या जनावरांवरच. पाच गोष्टी बघायच्या: चालणं, आजूबाजूच्या जनावरांकडे लक्ष, एकूण हालचाल, भूक आणि इतर खुणा. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. चारच्या वर गेलं की दुखण्यावरचं औषध वाढवायचा विचार करायचा.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो शेवटचा भाग. शेपटीचे एकदम झटके, जखम चाटणं, पाय आपटणं, पाठीला बाक काढून उभं राहणं, डोकं पाठीच्या रेषेखाली सोडणं, बसल्यावर मागचे पाय लांब ताणणं. एक खूण दिसली तर १, दोन किंवा जास्त दिसल्या तर २.

चेहराही वाचा. कान मागे वळलेले किंवा खाली लोंबलेले, डोळ्यांच्या वर स्नायू ताणून पडलेल्या आठ्या, फुगलेल्या नाकपुड्या. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गायींसाठी अशी पट्टी मांडली, तिच्यात चेहरा आणि कानही धरलेत. दात खाणं, दर श्वासाला कण्हणं हेही लिहून ठेवा.

शक्यतो एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी गुण द्यावेत. दोघांचे आकडे जुळत नाहीत, मग भांडणं होतात.

उभा_बांध:
काका, एक शंका. दुखणं पार मारलं तर गाय उड्या मारेल, टाके तुटतील. थोडं दुखू दिलेलं बरं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

पशुवैद्य_काका:
सगळे म्हणतात खरं, पण पोट उघडलेली गाय वेदनाशामकाने उड्या मारत नाही. उलट दुखत राहिलं तर चारा सुटतो, रवंथ थांबतो, दूध आटतं. रवंथ हा माझा आवडता निकष. निरोगी गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. ऑपरेशनआधीची तिची सवय आठवून तुलना करा, शेजारच्या गायीशी नको.

आणखी एक. कुशीत (पोटाच्या बाजूला) त्या जागेपुरती भूल दिलेली असते ती काही तासांत उतरते आणि खरं दुखणं तेव्हा सुरू होतं. म्हणून मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्यावरचं औषध ऑपरेशनआधीच दिलेलं चांगलं. मात्रा डॉक्टरच ठरवतील. घरात उरलेलं डायक्लोफेनॅक मात्र देऊ नका, ते दिलेलं जनावर मेलं तर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात.

गव्हाणकर:
आडोशाला उभा राहिलो. चारा निम्मा टाकलाय, रवंथ नाही: १ धरला. पाठीला बाक आणि शेपटीचे झटके: २. पावलं आखूड टाकते: १. वासराकडे बघते, पण उठून जात नाही: १. हालचालीचं काय धरू कळेना, ० ठेवलं. पाच झाले.

पशुवैद्य_काका:
उठून जात नसताना हालचालीला ० जरा उदारच दिलंत. असो, पाच म्हणजे फोन करायचाच. त्याआधी अंगाचं तापमान बघा, निरोगी गायीचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आणि टाक्यांभोवती गरम सूज आहे का तेही. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.