पोळ्यासाठी क्रोशाचा बैल विणतेय, पण अंगाला भोकं पडायलेत

सेलूची आजी

नमस्कार मंडळी. मी सेलूची, जिल्हा परभणी. क्रोशाची सुई हातात धरून चाळीस वर्षं झाली. दारावरची तोरणं, ताटावरचे रुमाल, दोन्ही लेकींच्या रुखवतातलं विणकाम सगळं माझ्या हातचं. पण ते सगळं दोऱ्याचं आणि सपाट. आत काहीतरी भरून उभं राहणारं खेळणं आजवर कधीच केलं नाही.

नात चौदा महिन्यांची आहे, पोळ्याला पुण्याहून यायलीय. आमच्याकडं मातीची बैलजोडी पाटावर मांडून पूजतात, ती तशीच राहील. पण लेकरू सध्या हाती येईल ते तोंडात घालतंय, मातीचा बैल तिच्या हातात कसा द्यावा? म्हणून तिच्यासाठी एक मऊ बैल विणायला घेतला. लेकीनं इंग्रजीतली कृती पाठवली. ती गायीची आहे, पण म्हणलं शिंगं मोठी केली की बैल होईल.

डोकंच जमंना गेलंय. कृतीत आधी सहा डबल क्रोशे, मग बारा, मग अठरा असं लिहिलंय. डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, तसे मी खांबच घातले. गोल व्हायच्या जागी ते लांबुडकं झालं, दुधीभोपळ्यासारखं. खांबाखांबातून आतला कापूस डोकावतोय. आणि प्रत्येक फेरी संपली की मी ती जोडून पुढची सुरू करते, तर त्या जोडाची एक तिरपी रेघ कपाळावरून थेट गळ्यापर्यंत आलीय. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा विणलं, तरी तेच.

आत घरचाच कापूस भरलाय, सरकी काढून हातानं पिंजलेला. दाबलं की आत गोळे लागतात. डोळे मात्र विकतचे आणलेत, काळे चकचकीत, मागून चकती बसवायचे. ते लावू का? पोळा जवळ आलाय, नीट सांगा.

संभाजीनगरहून

मावशी, बाकीचं जाणकार सांगतील, मी आधी डोळ्यांचं सांगते. ते विकतचे डोळे लावूच नका. त्यांना ‘सेफ्टी आइज’ म्हणतात, पण नावात सेफ्टी असलं तरी तीन वर्षांखालच्या लेकरासाठी ते नाहीत. दातानं ओढून ओढून टाका सैल झाला की चकतीसकट बाहेर येतात आणि लेकराच्या घशात अडकू शकतात. काळ्या दोऱ्यानं भरतकाम करून डोळे काढा. मणी, कवड्या, घुंगरू यांतलंही काहीच नको, बैलाला कितीही शोभलं तरी. माझ्या लेकानं सव्वा वर्षाचा असताना बाहुलीच्या झग्याचं बटण तोडून तोंडात घातलं होतं. मी समोरच बसले होते म्हणून काढता आलं.

लातूरची विणकरीण

काकू, तुमचा हात चांगला आहे, चूक कृतीच्या भाषेत आहे. इंग्रजीत एकाच टाक्याला दोन नावं आहेत. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच इंग्लंडात डबल क्रोशे म्हणतात. म्हणजे आपला मुका खांब! तुमची कृती इंग्लंडची दिसतेय. सगळी वाचून बघा, सिंगल हा शब्द कुठंच आला नाही तर ती नक्की तिकडची, कारण त्यांच्याकडं त्या नावाचा टाकाच नाही. तुम्ही मुक्या खांबाच्या जागी उंच खांब घातले, म्हणून फेऱ्या उंच झाल्या, डोकं लांबलं आणि मधून कापूस दिसायला लागला.

भरलेल्या खेळण्यात जवळजवळ सगळं काम मुक्या खांबाचंच असतं. जपानी लोक याला अमिगुरुमी म्हणतात. आमच्या बचत गटातल्या बायकांना मी हे शिकवते, आणि गंमत म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं तोरणं केलीत त्यांनाच सुरुवातीला जड जातं. जाळी मोकळी, सुंदर दिसावी ही त्यांच्या हाताची सवय असते. इथं जाळी अजिबात नको, विण घट्ट हवी.

म्हणून लोकरीच्या वेष्टनावर जी सुई सांगितलीय तिच्याहून एक-दोन नंबर बारीक घ्या. मिल्क कॉटन असेल तर मी अडीच किंवा तीन मिलिमीटरची घेते. मखमली लोकर पहिल्या खेळण्याला नको, तिच्यात घरं, म्हणजे सुई घालायच्या जागाच दिसत नाहीत. काळ्या रंगाचंही तेच. आणखी एक करून बघा. सुई घरात घातल्यावर धागा वरून गुंडाळून ओढतो ना, त्याऐवजी सुईच धाग्यावर ठेवून त्याला खाली दाबत ओढून घ्या. टाका फुलीसारखा दिसतो आणि जास्त आवळून बसतो.

आता फेऱ्या. त्या जोडायच्याच नाहीत. गोगलगाईच्या शंखासारखं फिरत राहायचं, म्हणजे ती तिरपी रेघ येणारच नाही. मात्र फेरी कुठं सुरू झाली ते कळायला पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवा आणि दर फेरीला तो वर सरकवा. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, दर फेरीला सहाच वाढवायचे. तिसऱ्या फेरीत एक साधा आणि एका घरात दोन, चौथीत दोन साधे आणि एका घरात दोन, असं. वाढ सारखी एकावर एक आली तर गोलाचा षटकोन होतो, म्हणून एका फेरीआड ती थोडी पुढंमागं करा. विणताना झालर पडायला लागली तर टाके जास्त झालेत, खोल वाटी झाली तर कमी. पण नजरेवर राहू नका, प्रत्येक फेरी मोजा. मी अजूनही ओठ हलवत मोजते.

तीसवर पाच-सहा फेऱ्या सरळ घ्या, मग दर फेरीला सहा कमी करत या. दोनाचा एक करताना दोन्ही घरांचा फक्त समोरचा धागा उचलायचा, मागचा सोडायचा. भोक पडत नाही. आणि उलटी-सुलटी बाजू बघा. व्हीसारखी घरं दिसतात ती बाहेरची, आडव्या रेघा दिसतात ती आतली. तीन-चार फेऱ्या झाल्या की पुष्कळदा वाटी उलटी वळलेली असते, तेव्हाच बोटानं पालथी करायची.

कापसाचं मला जरा लागतंच, कारण आपल्याकडं दारात कापूस असताना फायबर विकत आणायचं म्हणजे जिवावर येतं. पण हे खेळणं लाळेनं भिजणार, धुवावं लागणार. कापूस पाणी धरतो, पावसाळ्यात आतून लवकर वाळत नाही, गोळा होतो, वास मारतो. पूजेला ठेवायचा बैल असता तर पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस चालला असता. लेकरासाठी पॉलिएस्टरचं फायबरच भरा, नव्या उशीतलं काढलं तरी चालेल. एकदम गोळा कोंबू नका, चिमूट चिमूट, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं. मान आणि पाय कच्च भरा. मान पोकळ राहिली तर आठ दिवसांत डोकं लोंबतं.

कंधारचा शेतकरी

मला विणकामातलं काही कळत नाही, बायकोनं हे वाचून दाखवलं म्हणून लिहितोय. आजी, गायीला मोठी शिंगं लावून बैल होणार नाही. वशिंड पाहिजे! त्या विलायती गायींना वशिंडच नसतं. वशिंड पाठीच्या मधोमध नाही, पुढच्या पायांच्या बरोब्बर वर येतं. गळ्याखाली पोळी, म्हणजे कातड्याची झालर, लोंबती पाहिजे. कान आडवे, जरा खाली झुकलेले.

रंगाचं म्हणाल तर आमचा लाल कंधारी करा. गडद तांबडा, सगळं अंग एकाच रंगाचं, तुम्हाला लोकर बदलायची गरजच नाही. देवणी जातीचा करायचा तर तिच्यातल्या शेवेरा प्रकाराला पांढऱ्या अंगावर काळे ठिपके लागतात, वानेरा प्रकाराचं तोंड काळं. लेकराला लहानपणापासून आपल्या मुलखाचा बैल ओळखू येऊ द्या. आमच्या गोठ्यात आता एकच जोडी उरलीय, म्हणून हे फार मनापासून सांगतोय.

सेलूची आजी

कालपासून तिघांचंही चार-चारदा वाचलं. कृतीत सिंगल शब्द कुठंच नाही! उसवलं, तांबडी मिल्क कॉटन आणली आणि मुक्या खांबानं डोकं पुन्हा केलं. चेंडूसारखं गोल आलं, एकही भोक नाही. विकतचे डोळे डब्यात ठेवून दिले.

लाल कंधारीच करायलेय. माझ्या वडिलांकडं ती जोडी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावताना आम्हा पोरींना वशिंडावर हात फिरवू द्यायचे, ते ऊन ऊन लागायचं. इतक्या वर्षांनी ते तळहाताला आठवलं.

आता एवढंच सांगा, वशिंड किती टाक्यांचं करू, आणि पाय चारी सारखे बसायला काय करता?

लातूरची विणकरीण

वशिंडाला सहा, बारा, परत बारा, मग अठरा, आणि अठरावर एक सरळ फेरी. हातभर दोरा ठेवून तोडा, त्यानंच शिवायचं. अर्धं शिवून झालं की फायबर भरा आणि मग पूर्ण बंद करा.

पायांना सहा, बारा, मग बारावरची पहिली फेरी घरांच्या फक्त मागच्या धाग्यातून, म्हणजे खूर सपाट होतो. पुढं सहा फेऱ्या सरळ. चारही पाय एकाच बैठकीत विणा, सकाळचा हात आणि रात्रीचा हात सारखा पडत नाही. शिवायच्या आधी चारही टाचण्यांनी लावून बैल ताटात उभा करून बघा. डुलला तर टाचणी सरकवा, शिवल्यावर काही करता येत नाही. आणि काकू, टाचण्या मोजून लावा, मोजून काढा.